द्वारकाची हजेरी

विमल, तुझा भाऊ आला तेव्हा मी चौथीला भागाकार शिकवत होते. तो दारात उभा राहिला, चपला काढल्या, पण आत आला नाही. मला वाटलं, एखादं पुस्तक परत मागायला तू त्याला धाडलं असशील.

"ताई गेली," तो म्हणाला.

"कुठं?" मी विचारलं. त्यानं मान खाली घातली, तेव्हा कळलं.

"आज अकरा रोज झाले. अकोल्याले नेलतं. कावीळ लय वाढली होती."

अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत मी जेवले, झोपले, शेजारणीच्या लेकीच्या साखरपुड्यात नवं लुगडं नेसून मिरवले. तू नाहीस हे मला कोणी सांगितलं नाही, कारण मी तुझी कोण लागते हे सांगणाऱ्याला ठाऊकच नव्हतं. ते मीच कोणाला ठाऊक होऊ दिलं नव्हतं.

कावीळ झालेली माणसं बरी होतात. आमच्या गल्लीत दोघं बरी झाली. तू मात्र दीड महिना पिवळे डोळे घेऊन शाळा चालवत राहिलीस, कारण मंगरूळपीरच्या पलीकडच्या त्या गावात तू एकटीच शिक्षिका होतीस. "मी सुट्टी टाकली तं शाळेले कुलूप लागते," असं भावाला म्हणालीस म्हणे. या वाक्याचा मला इतका राग आलाय की तू समोर असतीस तर तुझा दंड धरून गदागदा हलवलं असतं. शाळेला चार दिवस कुलूप लागलं असतं. लागू द्यायचं होतंस.

पण तू त्या गावात हौसेनं गेली नव्हतीस. तुला तिथं पाठवलं होतं. कोणी पाठवलं आणि कशासाठी, हे ज्यांना माहीत आहे त्यांतली मी एक. त्या पाठवण्यात माझाही हात होता. म्हणून हे रडगाणं समजू नकोस. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे आणि मी ते पुढं चालवते आहे. तुला आता उत्तर देता येत नाही, हा तुझा दोष.

ओळखही आपली भांडणातूनच झाली होती. तू नवीन आली होतीस. मधल्या सुट्टीत मी शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून कादंबरी वाचत होते. नायिका मरायला टेकली होती आणि माझ्या डोळ्यांतून धार लागली होती. तू शेजारी बसून भाकरी खात होतीस.

"काय झालं वं?" तू विचारलंस. मी सांगितलं.

"ते बाई खरी होती का?"

"खरी कशी असेल? गोष्ट आहे."

"या गावात औंदा दोन बाया बाळंतपणात गेल्या. त्यायच्यासाठी रडली का तू?"

मी पुस्तक मिटलं. तू भाकरीचा शेवटचा तुकडा खाल्लास, हात झटकलेस आणि म्हणालीस, "तुले रडायले आवडते. मले समजायले आवडते."

दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू पिशवीतून एक बांधणी सुटलेलं पुस्तक काढून माझ्यापुढं ठेवलंस. कुठल्याशा दूरच्या देशात खाणीत राबणाऱ्या माणसांबद्दलचं. ती माणसं काय खातात, किती खोकतात, त्यांच्या बायका पाणी कुठून आणतात, सगळं कोणीतरी महिनोन् महिने त्यांच्यात राहून लिहिलेलं. मी ते तुला नावं ठेवण्यासाठी वाचायला घेतलं आणि शाळा सुटल्याची घंटा मला ऐकू आली नाही.

तुझं सगळं वाचन असंच होतं. वाशीमच्या वाचनालयात ज्या कपाटाला कोणी हात लावत नसे, ते तुझं कपाट. जमिनी कोणाच्या होत्या आणि कोणाच्या झाल्या, देवीची साथ आली तेव्हा कोणत्या वस्त्या आधी रिकाम्या झाल्या, कोणत्या समितीनं काय पाहिलं. सरकारी अहवालांची कडेला जोडलेली पानं कोणी कापलेलीसुद्धा नसायची. तू पट्टीनं एकेक पान मोकळं करायचीस आणि समासात पेन्सिलीनं दोनच प्रश्न लिहायचीस. याले हे कोणी सांगतलं? आणि कोणाले विचारलं नाही? तुझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा तू लहान होतीस. ते सुतार होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या माणसानं तुला सांगून ठेवलं होतं की आपल्याबद्दल लिहिलेलं सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं आहे, म्हणून नीट वाचत जा. हे तू मला एकदाच सांगितलंस आणि लगेच दुसरं काही बोलू लागलीस.

आता जे तू कधी बोलली नाहीस ते मी बोलते. मी गावात पाटलांच्या वाड्याला लागून असलेल्या खोलीत राहायची. खोली ऐसपैस होती, दोन खिडक्यांची, एकटीसाठी मोठीच. तुला गावात कोणी खोली दिली नाही. "रिकामी नाई" असं तुला चार घरी सांगितलं, आणि त्यातल्या दोन घरांच्या रिकाम्या खोल्या मी रोज येता-जाता पाहत होते. तू मेडशीला एका म्हातारीकडं राहिलीस आणि तिथून रोज पायी यायचीस, चार मैल येणं आणि चार मैल जाणं. "चालता चालता वाचणं होते," असं तू हसून सांगायचीस. एकदा वाचता वाचता दगडाला ठेचकाळून अंगठा फोडून घेतलास. त्या अंगठ्याला मी हळद लावली. माझ्या खोलीवर ये, असं म्हणाले नाही. चार वर्षांत एकदाही नाही. समाज कसा चालतो यावरची पुस्तकं मी तुझ्याकडून घेऊन त्या दोन खिडक्यांच्या खोलीत बसून वाचत होते, विमल. मला सगळं समजत होतं.

मग दुष्काळाचं साल आलं. ज्वारी गेली, पऱ्हाटी गेली, तूर फुलावर येण्याआधीच वाळली. ज्यांच्या घरी कालपर्यंत गडी होते तेही टोपलं घेऊन सरकारी कामावर गेले. मेडशीच्या रस्त्यावर पाझर तलावाचं काम निघालं आणि अर्धं गाव तिथं माती वाहू लागलं. शाळा ओस पडली. मुली तर सगळ्यांत आधी गेल्या. थोरल्या कामावर, धाकट्या त्यांच्या धाकट्यांना सांभाळायला.

पण हजेरीपटात कोणी गेलं नाही. मोठ्या गुरुजींनी, म्हणजे आपल्या हेडमास्तरांनी, आपल्या चौघांना बोलावून सांगितलं होतं, "सगळ्यायची हजेरी लावत जा. हजेरीवर सुकडी येते." सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचं ते सरकारी पौष्टिक पीठ, खरंच येत होती आणि त्यातली थोडी खरंच मुलांच्या घरी जात होती. बाकीची कुठं जात होती तेही आपण पाहिलं होतं. मी सकाळी वर्गात शिरले की हजेरीपट उघडायची आणि वरपासून खालपर्यंत सरळ भरून टाकायची. वर्गातल्या बावीस मुलींपैकी समोर पाच बसलेल्या असायच्या. मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट उपाशी पोरींच्या तोंडात घास जातो आहे, असं वाटायचं. हे मी आजही खोटं म्हणणार नाही. ते खरं होतं, म्हणून तर त्याच्याआड लपता आलं.

एके दिवशी तू शाळेत आलीस ती तडक माझ्या वर्गात. वाशीमच्या कोणा कचेरीतल्या रद्दीतून तुला एक पातळ सरकारी पुस्तिका मिळाली होती. दुष्काळी भागातल्या शिक्षणाची. तू एक ओळ बोटानं दाखवलीस. टंचाईच्या काळातही या भागात मुलींची उपस्थिती समाधानकारक राहिली, अशा अर्थाचं काहीतरी होतं.

"वाच," तू म्हणालीस.

"वाचलं."

"याले हे कोणी सांगतलं?"

मी पुस्तिका उलटून पाहिली.

"आपण सांगतलं, सुमन. तू अन् मी. मी इतकी वर्सं अशी पुस्तकं खरी समजून वाचून राह्यली. उद्या माह्यासारखी एखादी हे वाचीन अन् म्हणीन, वाशीमकडच्या पोरी दुष्काळातबी शाळेत जात होत्या. अन् इथं त्यायच्या डोक्यावर टोपलं आहे."

"मग काय करायचं? हजेरी नाही लावली तर सुकडी बंद होते."

"सुकडी उपाश्याले पाहिजे. ते हजेरीवर काहून देतेत, ते विचार ना. खोटं लेहून मागाची पाळी काहून आली, ते विचार."

"कोणाला विचारू?"

तू पुस्तिका पिशवीत टाकलीस. दुसऱ्या दिवसापासून तू तुझ्या दुसरीच्या वर्गाची हजेरी खरी लावू लागलीस. आणि एक वही सुरू केलीस. शाळा सुटल्यावर घरोघर जायचीस, दारात उभी राहून विचारायचीस. कोण येत नाही, कुठं जाते, कोणाऐवजी जाते. पुस्तकं वाचणं वेगळं आणि हे वेगळं, असं मी तुला म्हणाले. "वेगळं कसं? पुस्तकवाल्यानंबी हेच केलं असन ना," तू म्हणालीस. मोठे गुरुजी तुला काही बोलले नाहीत. मला मात्र बोलावून म्हणाले, "तुमच्या मैत्रिणीले समजावा. त्यायच्या डोक्यात पुस्तकं गेली." आणि मी हसले. त्यांना बरं वाटावं म्हणून.

त्याच महिन्यात द्वारका गेली.

द्वारका माझ्या वर्गातली. उंच, हाडकुळी, पाढे पाठ नसले की कान धरून आधीच उभी राहणारी. आमच्याच समाजातली, कोरडवाहू चार एकराच्या घरातली. पाझर तलावाच्या भरावासाठी माती काढून काढून खोल खड्डा झाला होता, गावच्या बोलीत खंती, त्याची कड दुपारी सुटली आणि द्वारका मातीखाली गेली. लोकांनी हातांनी माती उपसली. तीन वाजता बातमी शाळेत आली तेव्हा माझ्या टेबलावरच्या हजेरीपटात द्वारकाच्या नावापुढं मी सकाळीच "ह" लिहून ठेवला होता.

तू त्या दिवशी सकाळी मेडशीहून येताना तिला रस्त्यात भेटली होतीस. तिच्या हातात टोपलं होतं. "शाळेत काहून नाई येत वं?" तू विचारलंस. ती म्हणाली, "माय तापानं पडली बाई. तिच्या नावावर जाऊन राह्यली. उद्या येईन." मस्टरवर, म्हणजे कामाच्या हजेरीत, त्या दिवशी तिची आई गिरजाबाई हजर होती. शाळेत द्वारका हजर होती. मातीखाली जी सापडली ती कुठल्याच कागदावर नव्हती.

चौथ्या दिवशी चौकशीला साहेब आले. त्याआधी मोठ्या गुरुजींनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, उलट फार मायेनं बोलले. "पोट्टी तं गेली, बाई. ते काही वापस येत नाई. हजेरी खोटी निघाली तं सुकडी बंद होईन. बाकीच्या पोट्ट्यायच्या तोंडचं जाईन. तुमची नोकरीबी अजून कायम नाई. तुमीच पाहा."

साहेबांनी हजेरीपट उघडला. तू माझ्या उजव्या हाताला उभी होतीस. "ही मुलगी त्या दिवशी वर्गात होती का?" त्यांनी विचारलं.

"होती," मी म्हणाले.

"मधल्या सुट्टीपर्यंत?"

"हो."

मग तू सांगितलंस. रस्ता, टोपलं, तिचे शब्द, सगळं. एकही शब्द वाढवला नाहीस. साहेबांनी तुझं नाव विचारलं, आडनाव विचारलं, राहायला मेडशीत कोणत्या भागात ते विचारलं, आणि मग लिहिणं थांबवलं. "तुम्ही पाहिलं असेल एखादीला. सगळ्या सारख्याच दिसतात," ते म्हणाले. वर्गशिक्षिका सांगते आहे, हजेरीपट सांगतो आहे. मग आणखी काय हवं? मुलगी शाळेत होती, तेव्हा कामावर नव्हती. कामावर लहान मुलं नसतातच. मधल्या सुट्टीत घरी गेली आणि कुठंतरी पडली. असं त्यांनी लिहिलं. कडेला टेकू का दिला नव्हता, हा प्रश्न कोणाला विचारावाच लागला नाही. माझ्या एका अक्षरानं सगळे सुटले.

तू माझ्याकडं पाहिलंस. रागानं नाही. एखाद्या पानावर गाळलेली ओळ सापडावी तसं पाहिलंस.

द्वारकाच्या घरच्यांनी तोंड उघडलं नाही. दुसऱ्याच्या नावावर काम केलं असं निघालं तर गिरजाबाईवर केस होईल, असं त्यांना गावातल्या मोठ्यांनी बजावलं होतं. आणि तुझ्याबद्दल गाव काय म्हणालं? "आपल्या पोट्टीचं त्या तायडे बाईले काय पडलं? आपल्यात भांडणं लावाले आली." मेलेली पोरगी त्यांची होती, मारणारी कड खणवणारा मुकादम त्यांच्यातलाच होता, खोटं बोलणारी मी त्यांची होते, आणि उपरी ठरलीस तू. जूनमध्ये तुझ्या बदलीचा कागद आला. शाळेच्या हितासाठी, असं त्यात लिहिलं होतं. मी त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून घरी राहिले. डोकं दुखत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आपण मंगरूळपीरच्या बसस्टँडवर भेटलो, आठवतं? मी प्रशिक्षणाला आले होते. तू वाळली होतीस, चष्मा लागला होता. चहा पाजलास. तुझ्या नव्या गावातल्या पोरी काय काय विचारतात ते सांगितलंस, डोंगराकडून कामाला येणाऱ्या टोळ्यांवर काहीतरी वाचत होतीस ते सांगितलंस. मला विचारलंस, "तू काय वाचून राह्यली?" मी म्हणाले, वेळ मिळत नाही. पाऊण तास आपण बसलो आणि तू द्वारकाचं नाव काढलं नाहीस. मी वाट पाहत होते. तू मला शिव्या द्याव्यास, सगळ्यांसमोर "खोटारडी" म्हणावंस, म्हणजे मला तरी तुझ्याशी भांडता येईल. तू मला बसायला जागा करून दिलीस आणि माझी पिशवी गाडीत चढवून दिलीस. ही कसली रीत झाली? चांगुलपणानं माणसाला असं कोंडून टाकतात का? त्या दिवसापासून मी तुझ्यावर चिडलेली आहे आणि ते तुला कळलंही नाही.

तुझा भाऊ येऊन गेल्यावर मी वाशीमला तुझ्या घरी गेले. तुझी आई मला ओळखत होती. "सुमनबाई ना तुमी? विमल लय सांगे तुमचं," ती म्हणाली. काय सांगायचीस ते विचारायची मला हिंमत झाली नाही. तिनं तुझी पेटी उघडली. "मले वाचता येत नाई. तुमी पाहा, काय ठेवाचं, काय कोणाचं वापस कराचं." पुस्तकांखाली वही होती. ती तू पुढंही लिहीत राहिली होतीस, नव्या गावातल्या पोरींचीसुद्धा. मी मागं मागं गेले. द्वारकाचं पान सापडलं. तुझ्या त्या सरळ, व्याकरणशुद्ध भाषेत, जी तू फक्त लिहिताना वापरायचीस. सकाळी कुठं भेटली, काय म्हणाली, कड कशी होती. आणि शेवटी: "वर्गशिक्षिकेने ती वर्गात होती असे सांगितले." पुढं माझं नाव. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. "ती माझी मैत्रीण आहे. तिने असे का सांगितले, हे तिला विचारायचे राहिले आहे."

तुझी आई समोर बसली होती, म्हणून मी रडले नाही.

राहिलं म्हणजे काय? पाच वर्षं होती तुझ्याकडं. बसस्टँडवर पाऊण तास होता. दारोदार जाऊन परक्या बायकांना विचारत होतीस आणि मला एकटीला विचारायला तुझी जीभ रेटली नाही? तुझ्या सगळ्या पुस्तकांतून तुला काय कळलं मग? कोणाला विचारलं नाही, हे दुसऱ्यांच्या पुस्तकात शोधत बसलीस आणि तुझ्या स्वतःच्या वहीत मी राहिले.

सांगते. नोकरीची भीती होती. खोलीची होती, पाटलांनी काढलं असतं. सुकडीचं कारण खरं होतं, पण ते माझं नव्हतं, मला मोठ्या गुरुजींनी दिलं आणि मी घेतलं. आणि याहून एक वाईट गोष्ट आहे. महिनाभर तू खरी हजेरी लावत होतीस आणि मी खोटी, शेजारशेजारच्या वर्गांत. द्वारका मेली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा तिचं दुःख आलं नाही. आता विमल बरोबर ठरणार, हे आलं. तू बरोबर ठरू नयेस म्हणून मी "होती" म्हणाले. निदान थोडं तरी त्यासाठीच. वाच हे, आणि समासात काय लिहायचं ते लिही.

शनिवारी आपल्या शाळेत तुझी शोकसभा झाली. मोठे गुरुजी बोलले. तायडे बाई अबोल होत्या, मनमिळाऊ होत्या, त्यांना वाचनाचा छंद होता. छंद, विमल. कोणाला रांगोळीचा असतो, कोणाला तिकिटं जमवण्याचा, तसा तुला वाचनाचा. ज्या गोष्टीनं तुला त्या गावी पोचवलं, तिला तो माणूस सगळ्यांसमोर छंद म्हणाला आणि लोकांनी माना डोलावल्या.

मी उठले. मला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "द्वारका ज्या दिवशी गेली त्या दिवशी ती वर्गात नव्हती. मी पाहिल्याशिवाय हजेरी लावली होती. साहेबांपुढं मी खोटं सांगितलं. तायडे बाई खरं सांगत होत्या, म्हणून त्यांची बदली झाली." आवाज बरा निघाला. मोठे गुरुजी म्हणाले, "बाईंचं मन जाग्यावर नाई. बसा, बाई." मी बसले नाही. म्हणाले, "हे मी लिहून देणार आहे. वर पाठवणार आहे." मग लोक उठायला लागले, घाईघाईनं, पाऊस आल्यासारखे. कोणी माझ्याकडं पाहिलं नाही.

अंगण रिकामं झालं तेव्हा दिसलं की मागच्या बाजूला गिरजाबाई बसून होती. ती केव्हा आली मला माहीत नव्हतं. मी तिच्याजवळ गेले आणि खाली बसले. "मला माफ करा," असं काहीतरी म्हणाले.

"बाई," ती म्हणाली, "पोट्टी शाळेत होती का खंतीवर होती, हे मले काय सांगता? मालूम तं सगळ्यायलेच होतं. तायडे बाई दोनदा आल्या माह्या घरी. मी दार लावून घेतलं."

"तुम्हाला केसची भीती होती."

"केसची नाई." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी तापानं पडली नवती. थकली होती. नुसती थकली होती. एक रोज जा म्हटलं पोट्टीले. ते म्हणे, शाळा आहे. मी म्हटलं, शाळा काय पळून चालली? ताप आहे असं सांगजो, कोणी विचारलं तं. तायडे बाईले तेच सांगतलं तिनं, माह्यं शिकवलेलं."

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, पण स्वतः माझा धरला नाही.

"लेहून देऊन राह्यल्या ना तुमी?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग हे बी लेहा. मायनं धाडली होती, ताप नवता. माह्यं नाव लेहा. ते गाळलं तं तुमचं हे दुसरं लेहिणंबी खोटंच होईन."

मी वर्गात गेले, कागद आणि पेन घेऊन आले. गिरजाबाई एकेक शब्द सांगत गेली, आणि तिनं सांगितलं तसंच मी लिहिलं.